रिळे आहेत, चिठ्ठ्या नाहीत: अमेरिकेच्या विसाव्या शतकावरील एका चित्रफीत-संचाचे परीक्षण

अमेरिकेचे विसावे शतक ‘जसे घडले तसे’ दाखवण्याचा दावा करणारा हा दहा भागांचा चित्रफीत-संच मी गेल्या वर्षी विकत घेतला. तो दोनदा संपूर्ण पाहिला, आणि काही तुकडे तर इतक्या वेळा मागे-पुढे करून पाहिले की त्यांतली अनोळखी माणसे आता ओळखीची वाटू लागली आहेत. विक्रेत्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. जुने अमेरिकी फुटेज गोळा करायचे, त्यावर संगीत चढवायचे आणि खोक्यात घालून विकायचे, हा एक जुना धंदाच आहे आणि प्रस्तुत संच त्याचा बऱ्यापैकी प्रातिनिधिक नमुना आहे. साठ डॉलरांत जवळजवळ वीस तासांचे चित्रण मिळते. म्हणजे तासाला तीन डॉलर पडले. तेव्हा किमतीबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. चित्रेही बहुतांश स्वच्छ आहेत. काही रिळे पुन्हा नव्याने स्कॅन केलेली दिसतात आणि त्यांतील राखाडी रंगाच्या छटा पाहून मन प्रसन्न होते. माझे म्हणणे वेगळेच आहे.

कोणत्याही अभिलेखागारात चित्रफितीच्या डब्याबरोबर एक कागद असतो. चित्रण कोणी केले, कुठे, कोणत्या दिवशी, कोणत्या वेगाने, मुळात आवाज होता की नव्हता, आणि हे रीळ पहिल्या निगेटिव्हपासून किती पिढ्या दूर आहे, हे त्यावर लिहिलेले असते. न्यूजरीलच्या, म्हणजे चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या बातमीपटांच्या, धंद्यात कॅमेरामन स्वतःच असा कागद भरून रिळासोबत पाठवत असे आणि त्याला ‘डोप शीट’ म्हणत. या संचाने रिळे घेतली आहेत आणि सगळे कागद फेकून दिले आहेत. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एखादे गाव आणि एखादे साल उमटते, दोन सेकंदांत विरते, आणि तेवढ्यावर प्रेक्षकाने समाधान मानावे अशी अपेक्षा आहे. शिवाय ते सालही प्रत्येक वेळी बरोबर असते असे नाही.

पहिल्याच भागातील पहिलेच चित्रण घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरून केबल कार (रुळांवरून धावणारी ट्राम) चालली आहे, तिच्या पुढच्या टोकाला कॅमेरा बसवला आहे, आणि समोर टोकाला फेरी बिल्डिंगचा मनोरा हळूहळू मोठा होत जातो. घोडागाड्या, मोटारी, सायकलस्वार, वृत्तपत्रे विकणारी पोरे आणि रस्ता ओलांडताना अजिबात घाई न करणारे टोपीधारी गृहस्थ, सारे कॅमेऱ्याच्या समोरून जात राहतात. माइल्स बंधूंनी घेतलेले हे सुमारे तेरा मिनिटांचे चित्रण मूक आहे आणि विसाव्या शतकातील अत्यंत मोलाच्या चित्रणांपैकी एक आहे. संचाने त्याच्याखाली ‘१९०५’ असे लिहिले आहे. हे साल हवेतून आलेले नाही. बरीच वर्षे हे चित्रण सप्टेंबर १९०५ चे आहे असेच मानले जात होते. पुढे डेव्हिड कीन या चित्रपट-इतिहासकाराला रस्त्यात साचलेले पाणी खटकले. त्याने त्या काळच्या वृत्तपत्रांतील हवामानाच्या नोंदी काढल्या, तर त्या सप्टेंबरात तसा पाऊसच नव्हता. मग त्याने समोरून जाणाऱ्या मोटारींच्या नंबर पाट्या वाचून त्यांच्या नोंदणीच्या तारखा शोधल्या आणि चित्रण १९०६ च्या वसंत ऋतूतले, १८ एप्रिलच्या भूकंपाच्या थोडे आधीचे आहे असे दाखवून दिले. हे एकदा कळले की तेच चित्रण पाहताना घशाशी काहीतरी अडकते, कारण पडद्यावर दिसणाऱ्या इमारतींपैकी कितीतरी इमारती लवकरच कोसळणार किंवा जळणार आहेत आणि त्या रस्त्यावरच्या एकालाही त्याची कल्पना नाही. रीळ भूकंपाच्या आदल्या रात्री आगगाडीने न्यूयॉर्ककडे रवाना झाले म्हणून वाचले. माइल्स बंधूंचा सॅन फ्रान्सिस्कोमधील स्टुडिओ मात्र आगीत गेला.

एका चुकीच्या आकड्याने संचाने ही सगळी कहाणी पुसून टाकली आहे. वर आणखी एक गंमत अशी की, नीट पाहिले तर त्याच त्या मोटारी कॅमेऱ्यासमोरून पुन्हा पुन्हा जाताना दिसतात. रस्ता अधिक गजबजलेला वाटावा म्हणून त्यांना केबल कारभोवती फिरवत ठेवलेले असावे. म्हणजे ‘जसे घडले तसे’ या घोषणेला पहिल्याच रिळात तडा जातो. याचा आनंद प्रेक्षकाला मिळवून देणे ही संपादकाची जबाबदारी होती, पण त्याने तेथे पियानो वाजवला आहे.

वेगाचा घोळ त्याहून गंभीर आहे, कारण तो दिसत नाही. जुने कॅमेरे आजच्यासारखे सेकंदाला २४ फ्रेमच्या ठरलेल्या गतीने चालत नसत. मूकपटांच्या काळात हाताने दांडा फिरवून सेकंदाला सोळा, अठरा अशा फ्रेम घेतल्या जात आणि हौशी लोकांचे १६ मिलिमीटरचे कॅमेरेही पुढे बराच काळ सोळाच्या आसपास चालत. असे रीळ २४ च्या गतीने फिरवले की माणसे फटाफट पावले टाकू लागतात, आणि मग आपल्याला वाटते की आपल्या पणजोबांच्या पिढीतले लोक असेच तुरुतुरु चालत असावेत. संचाच्या पहिल्या तीन भागांत एकाही मिरवणुकीत, एकाही अंत्ययात्रेत माणूस धडपणे चालत नाही. अंत्ययात्रा अशी पळवणे हा मला तर उद्धटपणाच वाटतो.

मात्र याचे अधिक बोलके उदाहरण चौथ्या दशकाच्या शेवटी येते. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० रोजी वाहतुकीला खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्यात पिळवटून खाली कोसळला. हे चित्रण भौतिकशास्त्राच्या वर्गातून इतक्या वेळा दाखवले गेले आहे की पुलाचा तो पीळ पाठच झालेला असतो. मी घड्याळ घेऊन बसलो आणि संचातील पुलाचे हेलकावे मोजले. मिनिटाला अठरा भरले. प्रत्यक्ष त्या दिवशी पुलावर थांबून घड्याळाने मोजणी झाली होती, तेव्हा ते मिनिटाला बारा होते. फरकाचे कारण साधे आहे. कॅमेरा सेकंदाला १६ फ्रेम घेत होता, प्रत दाखवली गेली २४ ने, आणि १६ चे २४ म्हणजे दीडपट. बाराची दीडपट अठरा होणारच. हा दोष एकट्या या संचाचा नाही, कित्येक दशके प्रचारात असलेल्या प्रतींचा आहे आणि तो भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांनी उघडकीसही आणला आहे. पण डिजिटल साधने हाताशी असताना हे रीळ मूळ गतीवर आणणे हे काही फार अवघड काम नव्हते. बारा हेलकाव्यांच्या गतीने पाहिले, आणि मी ते घरच्या संगणकावर करून पाहिले, की तो पूल भीतिदायक वाटण्याऐवजी आजारी वाटतो. रस्ता एका बाजूला सावकाश कलतो, थांबल्यासारखा होतो, मग दुसऱ्या बाजूला कलतो. पुलावर अडकलेली मोटार आणि तिच्यात राहून गेलेला कुत्रा यांच्याकडे पाहायला मग पुरेसा वेळ मिळतो. त्या दिवशी जीव गेला तो फक्त त्या कुत्र्याचा.

आवाजाबाबत संचाने जे केले आहे त्याला मी सरळ फसवणूक म्हणेन. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतील लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे वायूने भरलेले हवाई जहाज (एअरशिप) उतरताना पेटले आणि जेमतेम अर्ध्या मिनिटात त्याचा सांगाडा उरला. न्यूजरील कंपन्यांचे कॅमेरे तेथे होते, पण आग नेमकी लागली तो क्षण त्यांच्यापैकी कोणाकडेही नाही. हर्बर्ट मॉरिसन हा शिकागोच्या डब्ल्यूएलएस रेडिओचा निवेदक तेथेच उभा राहून तबकडीवर वर्णन ध्वनिमुद्रित करत होता. त्याचा गहिवरलेला आवाज प्रसारित झाला तो नंतर, आणि तोही स्वतंत्रपणे, चित्राशिवाय. पुढे केव्हातरी कोणीतरी ते चित्र आणि तो आवाज एकत्र बांधले आणि आता ती दोन्ही एकाच यंत्राने टिपली असावीत असा सर्वांचा समज झाला आहे. संचात तर ही जोडणी इतकी बेमालूम केली आहे की आवाजाचा चढ आणि ज्वाळांचा चढ एकाच वेळी येतो. त्यासाठी चित्राचे तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतील तुकडे उलटसुलट लावावे लागले आहेत. सांगाडा एकदा जमिनीला टेकल्यावर पुढच्याच दृश्यात पुन्हा हवेत दिसतो. आवाज वेगळा होता एवढे एक वाक्य खाली लिहिले असते तरी माझी हरकत नव्हती.

उरलेल्या संगीताबद्दल बोलण्यासारखे विशेष नाही. दुःखाला व्हायोलिन, कारखान्याला ढोल, मुलांना झायलोफोन.

आता ज्या तुकड्यामुळे मी हे परीक्षण लिहायला बसलो त्याकडे वळतो. मंदीच्या दशकावरील भागात संपांविषयीचे एक सहा-सात मिनिटांचे प्रकरण आहे आणि त्यात ‘कामगारांची दंगल’ अशा मथळ्याखाली काही सेकंदांचे चित्रण येते. मोकळे मैदान, एका बाजूला पोलिसांची रांग, दुसऱ्या बाजूला झेंडे घेतलेले लोक, अचानक धूर, आणि पाठ फिरवून पळणारी माणसे. गाव नाही, तारीख नाही. हे चित्रण मी आधी पाहिलेले असल्यामुळे ओळखले: ३० मे १९३७, शिकागो, रिपब्लिक स्टील कंपनीच्या कारखान्याजवळचे मैदान. पोलिसांच्या गोळीबारात आणि मारहाणीत त्या दिवशी दहा कामगार मेले. पॅरामाउंट न्यूजचा कॅमेरामन ऑर्लँडो लिपर्ट हे सर्व टिपत होता. पॅरामाउंटने ते दाखवले तर चित्रपटगृहांत दंगे होतील असे सांगून रीळ दाबून ठेवले. सिनेटच्या ला फॉलेट समितीने ते मागवून घेतले, समितीपुढे ते दाखवण्यात आले, आणि कामगारांनीच हल्ला चढवला या वृत्तपत्री कथनाला त्या रिळाने उत्तर दिले. हाणामारी सुरू झाली त्या क्षणी लिपर्ट भिंग बदलत होता, त्यामुळे नेमकी सुरुवात चित्रात नाही, हेही त्या साक्षीत आले. अशा रिळाला ‘दंगल’ हे नाव देणे म्हणजे समितीने खोडून काढलेले कथन पुन्हा जिवंत करणे होय. मला खात्री आहे की संपादकाने हे जाणूनबुजून केलेले नाही. त्याच्यापुढे आलेल्या फायलीवर तेवढेच लिहिले असणार आणि त्याने ते जसेच्या तसे उचलले असणार. पण म्हणूनच चिठ्ठीला महत्त्व आहे. माहीत नसलेल्या माणसाच्या हातात गेलेले रीळ पहिल्या खोटे बोलणाऱ्याच्या बाजूने साक्ष देऊ लागते.

संचाची निवडही त्यामुळेच एकांगी झाली आहे. १९२० च्या दशकाचा भाग म्हणजे नाचणाऱ्या मुली, दारूबंदीत फोडली जाणारी पिंपे आणि शेवटी वॉल स्ट्रीटवरची गर्दी. त्याच दशकात, १९२४ ते १९२८ या काळात, सॉलोमन सर जोन्स या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने ओक्लाहोमातील आपल्या समाजाची दुकाने, चर्च, शाळा, लग्ने आणि अंत्यविधी १६ मिलिमीटरच्या २९ रिळांवर टिपले; ती रिळे आज येल विद्यापीठात जतन केलेली आहेत. ओक्लाहोमातल्याच टल्सा शहरात १९२१ साली गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची वस्ती कशी जाळली हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या रिळांचे मोल वेगळे सांगायला नको. संचात त्यांतील एक फ्रेमही नाही. न्यूजरीलच्या छावणीतून जे आले तेवढाच इतिहास, असे धरून चालल्याचा हा परिणाम आहे.

केनेडी यांच्या हत्येचे सव्वीस-सत्तावीस सेकंदांचे घरगुती चित्रण पुन्हा पुन्हा, हळू करून, मोठे करून चार मिनिटे दाखवले आहे. ते मी दुसऱ्या वेळी पुढे ढकलले. चंद्रावरच्या स्वारीचा भाग नेहमीचाच. ‘डक अँड कव्हर’ या १९५१ साली तयार झालेल्या नागरी संरक्षणाच्या लघुपटातील कासवही येते, आणि त्याच्यामागे विनोदी संगीत लावून आपल्याला हसायची खूण केली जाते. अणुबाँब पडला तर बाकाखाली लपा, असे शाळकरी मुलांना शिकवणाऱ्या काळावर हसणे सोपे आहे. पण त्या लघुपटातील मुलांचे चेहरे मूळ आवाजासह पाहिले तर हसू येत नाही.

आता पैशांकडे. संचातील निम्म्याहून अधिक चित्रण विनामूल्य उपलब्ध आहे. युनिव्हर्सल न्यूजरील १९२९ ते १९६७ या काळात आठवड्यातून दोनदा निघत असे. १९७० च्या दशकात कंपनीने तिच्या संपादित अंकांचे हक्क अमेरिकी सरकारला देऊन टाकले आणि ते आता नॅशनल आर्काइव्ह्जकडे आहेत. सरकारी खात्यांनी स्वतः काढलेल्या चित्रफितींवर अमेरिकी कायद्याने कॉपीराइट नसतो. जाहिरातपट, शैक्षणिक पट, कारखान्यांनी काढलेले माहितीपट अशा कोणी सांभाळून न ठेवलेल्या मालाचा रिक प्रेलिंगर यांनी उभारलेला साठा इंटरनेट आर्काइव्हवर उतरवून घेता येतो, आणि त्या साठ्यातील हजारो मूळ रिळे २००२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतली. नॅशनल आर्काइव्ह्जमधील चित्र कधी कधी या संचाइतके स्वच्छ नसते आणि शोध घेणे कटकटीचे असते, कारण नोंदी ज्या खात्याकडून आल्या त्या खात्याच्या क्रमाने लावलेल्या असतात. एखादी घटना शोधायची तर आधी ती कोणत्या खात्याच्या गळ्यात पडली असेल याचा अंदाज बांधावा लागतो. पण नोंद असते. अनेकदा दृश्यागणिक यादी असते. या संचाने मात्र सार्वजनिक मालकीच्या त्याच चित्रांच्या कोपऱ्यात आपला छाप मारला आहे. भरीला भर म्हणून चौकोनी चित्र आजच्या रुंद पडद्यावर बसवण्यासाठी वरून-खालून कापले आहे. रूझवेल्ट बोलत असतात आणि त्यांचे कपाळ दिसत नाही.

युनिव्हर्सलबाबत एक गोष्ट संचाने सांगायला हवी होती. डिसेंबर १९७८ मध्ये मेरीलँडमधील सूटलँड येथील नॅशनल आर्काइव्ह्जच्या नायट्रेट फिल्मच्या (सहज पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या फिल्मच्या) कोठारांना आग लागली आणि सव्वा कोटी फुटांहून अधिक फिल्म जळाली. ते बहुतेक सारे युनिव्हर्सलच्या अंकांतून गाळलेले चित्रण होते. म्हणजे आज आपण पाहतो ते त्या काळच्या संपादकांनी आठवड्यातून दोनदा घाईघाईने निवडलेले तुकडे आहेत. त्यांनी काय टाकले हे तपासायची सोय त्या दिवशी संपली.

एवढे सगळे लिहिल्यावर वाचकाला वाटेल की संच घेऊच नये. तसे नाही. आठव्या भागाच्या शेवटी, जणू जागा उरली म्हणून भरल्यासारखी, अकरा मिनिटांची घरगुती रिळे आहेत, आणि तेवढ्यासाठी मी हा संच ठेवून घेतला. ही रिळे स्कॅन करणाऱ्याने फिल्मची कडही सोबत घेतली आहे. छिद्रांची रांग दिसते, आणि तिच्या शेजारी कोडॅकची बारीक खूण दिसते. कोडॅक कंपनी फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली ते वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा आकृत्यांनी कडेला छापत असे, आणि त्या आकृत्या वीस वर्षांनी पुन्हा तशाच येत; १९३७ ची खूण आणि १९५७ ची खूण एकच. येथे तीच खूण आहे. मग दोहोंपैकी कोणते वर्ष? चित्र रंगीत आहे, पण कोडॅक्रोम १९३५ पासूनच बाजारात होते, तेव्हा रंगावरून काही ठरत नाही. तिसऱ्या मिनिटाला अंगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या मागच्या बाजूस माशाच्या परासारखे उंच पंख दिसतात. १९३७ मध्ये अशा मोटारी नव्हत्या. फिल्म १९५७ ची. आणि फिल्म विकत घेऊन वापरेपर्यंत काही महिने किंवा वर्षभर ती कपाटात पडली असू शकते.

एक बाई व्हरांड्यात कपडे वाळत घालते, कॅमेऱ्याकडे पाहून हाताने ‘नको’ म्हणते, मग हसते. एक मुलगा नवी सायकल घेऊन पडतो. कोणीच प्रसिद्ध नाही, काहीच घडत नाही, संगीतकारालाही येथे काही सुचले नाही, त्यामुळे पूर्ण शांतता आहे. गती बरोबर आहे.

इतिहास शिकवणाऱ्यांनी किंवा माहितीपट करणाऱ्यांनी हा संच घ्यावा, पण चित्रांची खाण म्हणून. प्रत्येक तुकडा दाखवण्यापूर्वी नॅशनल आर्काइव्ह्जच्या किंवा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सूचीत तो स्वतः शोधून पाहावा. केवळ संध्याकाळी बसून पाहण्यासाठी घेणाऱ्यांनी आवाज बंद ठेवावा. मी एका वहीत आतापर्यंत त्रेचाळीस तुकड्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या आहेत आणि त्या वहीसकट हा संच दुसऱ्याला वापरायला देतो. शेवटच्या चिठ्ठीवर एवढेच आहे: १६ मिलिमीटर, रंगीत, मूक, वर्ष १९५७ किंवा १९५८, स्थळ माहीत नाही, मोटारीची नंबर पाटी बाईच्या वाळत घातलेल्या चादरीआड.